ओढणं आणि पेलणं

डॅलस शहर सोडून उत्तरेकडे निघालं की महामार्गाच्या कडेला ट्रेलर विकणाऱ्यांची मोठमोठी आवारं लागतात. गेल्या ऑक्टोबरात अशाच एका आवारात मी मावसभावाबरोबर उभा होतो. त्याचा जुन्या गाड्यांचा छोटा व्यवसाय आहे. लिलावात गाड्या घ्यायच्या, दुरुस्त करायच्या, विकायच्या. गाडी लिलावातून घरी आणायला दर वेळी तिऱ्हाइताला पैसे मोजावे लागत. म्हणून एका खेपेत तीन गाड्या येतील असा ट्रेलर घ्यायचं त्याच्या मनात होतं. "दादा, तुझी उभी हयात ॲक्सल बनवण्यात गेली. तू बघ आणि सांग," असं म्हणून त्याने मला बरोबर घेतलं होतं.

विक्रेत्याने दाखवलेला ट्रेलर देखणा होता. मागे जमिनीला टेकलेला, पुढे चढत गेलेला, बाजूने पाहिलं तर लाकूड फोडायच्या पाचरीसारखा. अमेरिकेत त्याला 'वेज'च म्हणतात. भावाचा पिकअप पाऊण टनी वर्गातला, डिझेल इंजिनाचा. विक्रेता म्हणाला, तुमचा ट्रक हा ट्रेलर सहज ओढेल. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मी ट्रकचं चालकाच्या बाजूचं दार उघडलं, उकिडवा बसलो आणि दाराच्या खांबावर चिकटवलेली पट्टी वाचली. माणसं आणि सामान मिळून या ट्रकने अंगावर किती वजन घ्यायचं, ते तिथे छापलेलं असतं. आकडा होता 2,146 पौंड, म्हणजे सुमारे 973 किलो. त्या दिवशी ट्रेलर घेतला नाही, तो या आकड्यामुळे.

माझं बालपण वाळव्याकडे गेलं. उसाची टायरगाडी भरून झाली की आजोबा बैल जुंपायच्या आधी जुवाखाली खांदा लावून पाहत. मागे वजन जास्त झालं तर गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झालं तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. म्हणून मोळ्या पुढे-मागे करून जुवावर बेताचं वजन ठेवायचं. बैल किती ओढतात ही एक गोष्ट आणि मानेवर किती पेलतात ही दुसरी, हे आजोबांना कुणी शिकवलं नव्हतं. ट्रेलरचं सगळं शास्त्र त्या एका खांद्यात आहे, असं मी मानतो.

मोटारी वाहून नेण्याचा इतिहासही या पेलण्यापासूनच सुरू होतो. ओहायोतल्या क्लीव्हलंडच्या अलेक्झांडर विंटन यांनी 1898 साली मोटारी विकायला सुरुवात केली. त्या वर्षी त्यांच्या 22 गाड्या खपल्या. पण दूरच्या गिऱ्हाइकाकडे गाडी चालवत न्यायची तर पोहोचेपर्यंत ती जुनी होऊन जायची, रस्तेही तसेच होते. विंटन यांनी एका मोटारीच्या मागच्या भागावर गाड्याचं पुढचं टोक टेकवलं आणि त्या गाड्यावर नवी मोटार चढवली. जगातल्या पहिल्या सेमी-ट्रेलरांत त्याची गणना होते आणि त्यावरचा माल होता मोटारच. पुढे 1914 साली डेट्रॉइटमधल्या ऑगस्ट फ्रुहॉफ या लोहाराने एका लाकूड-व्यापाऱ्याची होडी फोर्ड मॉडेल टीच्या मागे नेता यावी म्हणून असाच गाडा बनवला. सेमी-ट्रेलर हे नाव तिथून रुळलं. सेमी म्हणजे अर्धा, कारण त्याच्या वजनाचा काही हिस्सा स्वतःच्या चाकांवर आणि काही ओढणाऱ्याच्या पाठीवर असतो.

पाठीवर येणारा हा हिस्सा किती, हे जोडणीवर ठरतं. पिकअपला ट्रेलर जोडायच्या मुख्य पद्धती दोन. पहिलीत ट्रकच्या मागच्या बाजूला, बंपरखाली, लोखंडी गोळा असतो आणि ट्रेलरची जीभ त्यावर बसते. इथे जिभेवर एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार असावा लागतो. दुसरीत ट्रेलरची मान हंसासारखी वळून ट्रकच्या हौद्यात उतरते आणि मागच्या ॲक्सलच्या जवळपास डोक्यावर बसवलेल्या गोळ्याला धरते. हा गूजनेक. यात 20 ते 25 टक्के वजन ट्रकवर येतं. भार ॲक्सलच्या वरच पडत असल्याने ट्रकचं नाक उचललं जात नाही, ट्रेलर डोलत नाही आणि वळणही सोपं जातं. तीन किंवा जास्त गाड्यांचे ट्रेलर बहुतेक गूजनेकच असतात.

आता भावापुढे ठेवलेल्या ट्रेलरचा हिशेब. भरल्यावरची त्याची कमाल मर्यादा 15,900 पौंड. हा विचित्र आकडा अमेरिकी कायद्यातून येतो. ट्रक आणि ट्रेलर यांच्या मर्यादांची बेरीज 26,001 पौंड किंवा जास्त झाली आणि त्यात ट्रेलरची मर्यादा 10,000 च्या वर असली, तर व्यावसायिक 'अ' वर्गाचा परवाना लागतो. 7 फेब्रुवारी 2022 पासून त्यासाठी नोंदणीकृत संस्थेत प्रशिक्षणही सक्तीचं झालं आहे. ते टाळायला अनेक जण 10,000 पौंडांचा ट्रक आणि 16,000 च्या आतला ट्रेलर अशी जोडी जमवतात. बेरीज कायद्यात बसते. भावाचा ट्रक नेमका 10,000 चा होता, म्हणूनच हा ट्रेलर त्याला सुचवला गेला.

पण 15,900 चे 20 टक्के काढले की 3,180 पौंड होतात आणि दाराच्या पट्टीवर होते 2,146. त्यातून चालक, सोबती, पट्टे आणि जॅक यांचं वजन वजा करायचं. म्हणजे परवान्याच्या कायद्यात अगदी चपखल बसणारी ही जोडी भरल्याबरोबर ट्रकची मर्यादा हजारभर पौंडांनी ओलांडते. इंजिन कुरकुरणार नाही. कुरकुरतील त्या पाठीमागच्या स्प्रिंगा, टायर आणि बेअरिंगं, आणि ती आवाज न करता कुरकुरतात. या व्यवसायात नव्याने उतरणारी कितीतरी तरुण मुलं कर्ज काढून हीच जोडी घेतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मग मागे चार चाकांचा मोठा ट्रक घ्यावा, ज्याला तिकडे 'ड्युअली' म्हणतात? त्याची मर्यादा साधारण 14,000 पौंड, पेलायची ताकद दुपटीहून जास्त. पण 26,000 तून 14,000 गेले की ट्रेलरला 12,000 उरतात. पेलणारा ट्रक घेतला तर ट्रेलर छोटा हवा आणि ट्रेलर मोठा घेतला तर ट्रक पेलत नाही. तीन गाड्या नीट न्यायच्या असतील तर ड्युअली घ्यावा, तीन ॲक्सलांचा ट्रेलर घ्यावा आणि मुकाट्याने परवाना काढावा. मधली वाट मला तरी सापडली नाही.

गाड्यांची वजनंही पूर्वीसारखी राहिलेली नाहीत. 15,900 चा वेज रिकामाच सहा हजाराच्या आसपास भरतो, उरतात 9,900. टोयोटा कोरोला साधारण 3,000 पौंडांची, अशा तीन आरामात बसतात. पण लिलावात कोरोला मिळेलच असं नाही. होंडा सीआर-व्ही 3,500 च्या घरात, टेस्लाची मॉडेल वाय 4,400 च्या, विजेवरची हमर तर 9,000 च्याही वर. एक मॉडेल वाय आणि दोन सीआर-व्ही चढवल्या की मर्यादा दीड हजार पौंडांनी ओलांडली. ट्रेलरवर जागा तीन गाड्यांची असते, पण वजन तीन गाड्यांचं असतंच असं नाही. कागद-पेन्सिल घेतल्याशिवाय ते कळायचं नाही.

ट्रकच्या जाहिरातीत ओढण्याचा जो आकडा असतो तो कसा काढतात, तेही कळलं पाहिजे. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या मापाने तो ठरवी. 2008 साली अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने त्यासाठी जे2807 हे मानक आणलं आणि 2011 च्या मॉडेलांपासून टोयोटाने ते सर्वांत आधी स्वीकारलं. यात ॲरिझोनातला डेव्हिस धरणाचा घाट आहे. 11.4 मैलांची चढण, भर उन्हाळा, वातानुकूलन पूर्ण चालू आणि वेग ठरलेल्या मर्यादेखाली घसरू द्यायचा नाही. परीक्षा कडक आहे आणि मला तिचं कौतुक आहे. पण त्या वेळी ट्रकमध्ये धरतात फक्त दोन माणसं, प्रत्येकी 150 पौंडांची. हौद्यातली पेटी, मागच्या बाकावरचं सामान, जास्तीची डिझेल टाकी हे सगळं त्या आकड्यातून आपणच वजा करायचं असतं.

थांबवण्याचं शास्त्र ओढण्याइतकंच मोठं आहे. अमेरिकेत व्यावसायिक वापराच्या अशा ट्रेलरच्या प्रत्येक चाकाला ब्रेक असावा लागतो. बहुतेकांत तो विजेवर चालतो. ड्रममधल्या चुंबकाला प्रवाह मिळाला की तो ड्रमला चिकटू पाहतो आणि त्या ओढीने ब्रेकचे बूट पसरतात. प्रवाह किती द्यायचा ते चालकापुढच्या नियंत्रकावर ठरतं आणि त्यावर एक हातपट्टी असते, जिने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावता येतात. ट्रेलरच्या पुढच्या अंगाला एक छोटी डबी दिसते. तिच्यात बॅटरी असते आणि एक तार ट्रकला अडकवलेली असते. ट्रेलर सुटला तर तार ओढली जाऊन ब्रेक आपोआप लागतात आणि कायद्याने ते निदान 15 मिनिटं लागलेले राहिले पाहिजेत. मी कुठलाही ट्रेलर पाहताना आधी ती तार ओढतो. रंग नंतर.

आमच्याकडे उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या धावतात, त्यांतल्या कितींना चालू ब्रेक असतात ते रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अंधारात, मागचा दिवा नसलेली ट्रॉली अचानक समोर उगवते तेव्हा मला ती डबी आठवते.

टायरबद्दल थोडंच. ट्रेलरचे टायर वेगळे असतात, त्यांच्यावर 'एसटी' असं लिहिलेलं असतं. बाजूवरच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी सहा वर्षांचा टायर मी घेणार नाही.

ॲक्सलबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण इथे जाणती माणसंही चुकतात. पाटा-स्प्रिंगांच्या दोन ॲक्सलांमध्ये एक डोलणारा दुवा असतो, तो दोघांवरचं वजन सारखं करत राहतो. रबरी पिळाच्या ॲक्सलला, ज्याला टॉर्शन म्हणतात, असा दुवा नसतो. चाल मऊ मिळते, पण ट्रेलर पुढून थोडा जरी उंच जोडला तरी मागचा ॲक्सल जास्तीचा भार एकटा उचलतो. तिथले टायर आधी जातात आणि लोक टायरला शिव्या देतात.

भावाने अखेर दोन गाड्यांचा, बंपरखाली जोडायचा 14,000 पौंडांचा ट्रेलर घेतला. रिकामं वजन 4,000 च्या आसपास. दोन गाड्यांसह 11,000 होतील आणि जिभेवर 15 टक्के धरले तरी 1,650. ट्रक ते पेलतो, मर्यादांची बेरीज 24,000 होते आणि आहे त्या परवान्यात भागतं. गूजनेक जास्त स्थिर खरा, पण त्याचे 20 टक्के म्हणजे 2,200, जे या ट्रकला झेपत नाहीत. त्याला तीन गाड्यांची आस होती, चेहरा जरा पडला. चाकांवरच्या पत्र्याच्या कमानींमधलं अंतर आम्ही टेपने मोजलं, 83 इंच. फोर्ड एफ-150 आरसे सोडून 80 इंच रुंद. म्हणजे दोन्हीकडे दीड-दीड इंच, आणि दार उघडायचं तर कमान काढता येणारीच हवी. तशी मिळाली.

पहिल्या खेपेला मी बरोबर होतो. लिलावाच्या आवारातून दोन गाड्या चढवल्या. नियमाप्रमाणे प्रत्येक गाडीला पुढे आणि मागे मिळून निदान दोन बंध लागतात, आम्ही चारही चाकांवर पट्टे टाकले. चाक बांधलं की गाडीची स्प्रिंग मोकळी राहते आणि खड्ड्यात पट्टा सैल पडत नाही. जोडरस्त्यावर वेग 55 मैलांवर गेला आणि मागून काहीतरी हलकेच ढकलल्यासारखं वाटलं. एकदा डावीकडे, मग उजवीकडे. आरशात ट्रेलरचा मागचा कोपरा दिसायचा, लपायचा. भावाचा पाय ब्रेककडे निघाला. मी ओरडलो, "पाय नको, हात! हातपट्टी दाब!" त्याने अंगठ्याने पट्टी सरकवली, ट्रेलर मागून ओढला गेला, तार ताणल्यासारखा सरळ झाला आणि वेग उतरला. ट्रकचा ब्रेक दाबला असता तर ट्रेलरने ट्रकला बाजूने रेटलं असतं.

गाडी उलाळ झाली होती.

पुढच्या ट्रकतळावर कॅट कंपनीचा वजनकाटा होता. आयोवातल्या वॉलकॉटची ही कंपनी 1977 पासून महामार्गांवर काटे बसवत आली आहे. काट्याच्या तीन फळ्या असतात आणि पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल, ट्रेलर यांचं वजन वेगवेगळं मिळतं. आम्हा दोघांसह नुसता ट्रक सकाळीच तोलून घेतला होता, 8,250 पौंड. आता ट्रक 9,100 भरला आणि ट्रेलरची चाकं 10,140. म्हणजे जिभेवर फक्त 850, एकूणाच्या आठ टक्केही नाहीत.

बाजूला घेऊन पट्टे सोडले, दोन्ही गाड्या पावणेदोन फूट पुढे घेतल्या, पुन्हा बांधल्या. भाऊ पट्ट्यांची खिटी कसत होता आणि मी नकळत ट्रेलरच्या जिभेखाली खांदा नेऊन वाकलो होतो. उचलणार काय डोंबल, पण शरीराला सवय असते. पुन्हा काट्यावर गेलो. पुढचा ॲक्सल 4,560, मागचा 5,040, ट्रेलर 9,640. जिभेवर 1,350, म्हणजे बारा टक्क्यांच्या थोडं वर. परतीच्या दीडशे मैलांत आरशातला तो कोपरा जागचा हलला नाही. भावाने दोन्ही पावत्या ट्रकच्या कप्प्यात ठेवल्या आहेत, चुकलेली वर आणि बरोबर आलेली तिच्याखाली.