राखणदाराची राखण

दिवेलागणीची वेळ झाली की पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील उसाच्या पट्ट्यात वस्तीवस्तीवर एक ठरलेला क्रम सुरू होतो. गाय गोठ्यात जाते. शेळ्या आणि करडे आत कोंडली जातात व दाराला कडी लागते. कोंबड्या खुराड्यात शिरतात. मुलेबाळे घरात येतात. सर्वांत शेवटी घरातले कोणीतरी कुत्र्यापुढे भाकरीचा तुकडा टाकते आणि त्याची साखळी अंगणातल्या खुंटीला अडकविते. ज्याच्यावर घरादाराच्या रक्षणाचा भार सोपविलेला आहे, तो एकटाच रात्रभर उघड्यावर राहतो. अंगणापासून थोड्याच पावलांवर ऊस उभा असतो, आणि त्या उसात बिबट्याचा वावर असतो.

सकाळी कधी तुटलेली साखळी दिसते, कधी नुसता पट्टा. चार दिवस हळहळ होते. मग कोठूनतरी दुसरे पिल्लू आणले जाते आणि त्याच खुंटीला बांधले जाते. या घटनेची बातमी होत नाही. बातमी होते ती माणसावर, विशेषतः लहान मुलावर, हल्ला झाल्यानंतर. मग पिंजरे लागतात, मोर्चे निघतात, आश्वासने दिली जातात. परंतु बिबट्या अंगणापर्यंत का आला, या प्रश्नाचे एक उत्तर त्या खुंटीपाशीच पडलेले असते, याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

शेळी वाचते, कुत्रा का वाचत नाही?

अकोले तालुक्यातील शेतीप्रदेशात बिबट्याच्या आहाराचा जो अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते या संदर्भात मुळातूनच समजावून घेण्याजोगे आहेत. बिबट्याच्या विष्ठेच्या तपासणीवरून असे आढळले की, वजनाच्या हिशेबाने त्याच्या आहारात पाळीव आणि माणसाच्या आश्रयाने राहणाऱ्या प्राण्यांचा वाटा सुमारे ८७ टक्के होता. त्यांत एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के, मांजराचा १५ टक्के आणि शेळीचा अवघा ११ टक्के होता. वस्तुतः त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सुमारे सातपट होती. मग बिबट्याला शेळीचे मांस आवडत नाही, असे म्हणावयाचे काय? कारण अगदी साधे आहे. शेळी रात्री कोंडलेली असते. कुत्रा उघड्यावर असतो.

या एका तुलनेत सगळा धडा सामावलेला आहे. शेळीची किंमत बाजारात मोजून मिळते, म्हणून तिच्यासाठी दार आणि कडी आहे. कुत्रा फुकट मिळतो, म्हणून त्याच्यासाठी खुंटी आहे. शेतकऱ्याने शेळीच्या बाबतीत बिबट्यावर केव्हाच तोड काढलेली आहे. तीच तोड कुत्र्याला लागू करावयाची राहिली आहे, इतकेच.

हा प्रश्न केवळ खेड्यांचा आहे असेही नाही. मुंबईच्या कुशीतील संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. तेथील सुमारे ३५ बिबटे वर्षाकाठी १,५०० च्या आसपास कुत्रे खात असावेत, असा अंदाज २०१८ मधील एका शोधनिबंधात मांडण्यात आला होता. उद्यानाच्या कडेला जेथे कचऱ्याचे ढीग आहेत तेथे कुत्री जमतात, आणि जेथे कुत्री जमतात तेथे बिबट्या येतो. ही साखळी माणसाच्या उकिरड्यापासून सुरू होते, हे विसरून चालणार नाही.

भुंकणे हे काम, झुंजणे नव्हे

कुत्र्याला आत घेतले तर राखण कोण करील, असा प्रश्न यावर हमखास विचारला जातो. तो रास्त आहे. पण त्याच्या मुळाशी एक गैरसमज आहे. कुत्रा चोराला जसा अंगावर धावून पळवितो, तसा तो बिबट्यालाही पळवील, हा तो गैरसमज होय. बिबट्या दबा धरून शिकार करणारा प्राणी आहे. तो आवाज न करता अगदी जवळ येतो, झेप घेतो आणि मान पकडतो. एकट्या कुत्र्याचा त्याच्यापुढे पाड लागत नाही; त्यातून तो साखळीने बांधलेला असेल तर पळण्याचीही सोय राहत नाही. कुत्र्याचे खरे सामर्थ्य त्याच्या दातांत नसून नाकाकानांत आणि आवाजात आहे. ते बंद पडवीतही तितकेच उपयोगी पडते. जाळीच्या आत सुरक्षित असलेला कुत्रा धोक्याची सूचना पुन्हा पुन्हा देऊ शकतो. खुंटीला बांधलेला कुत्रा ती बहुधा एकदाच देतो.

हे ज्ञान मेंढपाळांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. माळरानावर धनगर वाघर लावून मेंढ्या कोंडतात, तेव्हा त्यांचे कुत्रे वाड्याभोवती मोकळे असतात, एकापेक्षा अधिक असतात आणि माणसेही जवळच झोपलेली असतात. लांडग्याशी गाठ पडते तेव्हा सगळा कळप, सगळे कुत्रे आणि सगळी माणसे एकत्र असतात. हिमालयातील गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात. श्वापद मानेवरच तोंड टाकते, हे त्यांना ठाऊक असते. एकाकी, बांधलेल्या आणि निःशस्त्र प्राण्याला रात्रभर पहाऱ्यावर ठेवण्याची रीत या जाणत्या लोकांची नव्हे.

तेव्हा करावयाचे काय? ज्यांना शक्य आहे त्यांनी पडवीला जाळी बसवून दार करावे. ते परवडत नसेल तर शेळ्यांच्या गोठ्यातच एक कोपरा कुत्र्याला द्यावा. लाकडी फळ्यांचा किंवा लोखंडी जाळीचा पिंजरा केल्यास त्याला वरून छप्पर अवश्य असावे. कारण बिबट्या झाडावर चढतो, त्याला कुंपणाची उंची अडवीत नाही. कुत्र्यापुढील उरलेसुरले अन्न रात्री अंगणात पडू देऊ नये. घराला लागून असलेले गवत आणि झुडपे काढून टाकावीत, म्हणजे दबा धरण्याची जागा उरत नाही. यांपैकी एकही उपाय असा नाही की ज्याकरिता सरकारी योजनेची वाट पाहावी.

रानात आणि रस्त्यावर

घराबाहेरचा प्रसंग निराळा आहे. शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीला येते आणि शेतकऱ्याला कंदील किंवा बॅटरी घेऊन बांधावर जावे लागते. सोबतीला कुत्रा हवासा वाटतो. शहराच्या कडेला टेकडीवर पहाटे फिरावयास जाणारे शिक्षक आणि कारकूनही कुत्र्याला मोकळे सोडतात. मोकळा कुत्रा पुढे धावतो, झुडपात शिरतो, श्वापदाला हुसकावितो आणि मग घाबरून थेट धन्याकडे परत येतो. त्याच्या पाठोपाठ कोण येते, हे सांगावयास नको. म्हणून रानाच्या कडेला कुत्रा आखूड पट्ट्यावर, आपल्या बाजूलाच असावा. पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या अंधुक प्रकाशात, उंच पिकाच्या अगर गवताच्या कडेने, त्याला नेणे शक्यतो टाळावे. निघावयाचेच असेल तर दोघातिघांनी मिळून, हातात उजेड घेऊन आणि मोठ्याने बोलत जावे.

बिबट्या समोर दिसलाच तर पाठ फिरवून धावू नये. खाली वाकू वा बसू नये. कुत्रा लहान असेल तर त्याला उचलून घ्यावे, मोठा असेल तर पट्टा घट्ट धरावा आणि श्वापदाकडे तोंड ठेवून, मोठा आवाज करीत, सावकाश मागे सरावे. त्याला निघून जाण्यास वाट मोकळी ठेवावी. कुत्रा त्याच्या तोंडी सापडलाच, तर हाताने सोडविण्यास जाणे हे प्रेम खरे, पण आत्मघातकी आहे. दुरून ओरडा करावा, उजेड पाडावा, माणसे गोळा करावीत. श्वापदाला चारी बाजूंनी घेरण्याचा मोह मात्र टाळावा. कोंडीत सापडलेला बिबट्याच माणसांवर तुटून पडतो. वनखात्याचा १९२६ हा दूरध्वनी क्रमांक अशा वेळी घरातील प्रत्येकाला पाठ असावा.

जखमी कुत्रा वाचला तर त्याची जखम साबणाने आणि भरपूर पाण्याने धुऊन त्याला विनाविलंब पशुवैद्याकडे न्यावे. दातांच्या जखमा वरून लहान आणि आत खोल असतात. दर वर्षीची रेबीजची लस या दृष्टीने अत्यावश्यक आहे. लसीचा उपयोग उलट दिशेनेही होतो. कुत्र्यांत आढळणाऱ्या डिस्टेंपर या रोगाने १९९४ मध्ये आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या सिंहांपैकी सुमारे एकतृतीयांश बळी घेतले. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हाही याच रोगाचे विषाणू सापडले होते. कुत्रा आणि श्वापद एकमेकांपासून दूर राहण्यात दोघांचेही हित आहे, ते असे.

पिंजऱ्याने प्रश्न सुटेल काय?

एवढे सारे करण्यापेक्षा बिबटेच पकडून दूर नेऊन सोडावेत, अशी मागणी जोरात होते. ज्या घरातले मूल गेले आहे, त्या घराला ही मागणी करण्याचा अधिकार नाही असे कोण म्हणेल? परंतु हा उपाय एकदा करून पाहिलेला आहे. जुन्नर वनविभागात २००१ पासून बिबट्यांना मोठ्या प्रमाणावर पकडून अन्यत्र सोडण्याची मोहीम झाली. त्यापूर्वी तेथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मोहीम सुरू झाल्यानंतर ही सरासरी १७ वर गेली, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. ओळखीचा मुलूख सुटलेला, बिथरलेला प्राणी अधिक धोकादायक ठरतो. शिवाय एक बिबट्या नेला तरी त्याला ओढून आणणारी कुत्री, कचरा आणि ऊस जागच्या जागी राहतात; रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा येतो. माणसांवर वारंवार हल्ला करणाऱ्या बिबट्याचा बंदोबस्त झालाच पाहिजे, यात वाद नाही. पण तो बंदोबस्त म्हणजे अंगणाचा बंदोबस्त नव्हे.

अंगणाचा बंदोबस्त गावानेच करावयाचा आहे. उकिरडे आणि खानावळींचा कचरा उघड्यावर न टाकणे, शाळेतील पोषण आहाराचे उरलेले अन्न कुंपणाबाहेर न फेकणे, भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण नेटाने करणे, ही कामे ग्रामपंचायतीची आणि नगरपालिकेची आहेत. गावातील कुत्री रात्री कोठे असतात, याची साधी नोंद शाळेतील विद्यार्थ्यांनीही एका आठवड्यात करता येईल. तशी नोंद झाली तर प्रत्येक वस्तीवर किती खुंट्या उघड्यावर आहेत हे कळेल, आणि मुले घरी जाऊन त्याविषयी बोलतील. वडीलधाऱ्यांना शासकीय परिपत्रकापेक्षा घरच्या मुलाचे म्हणणे अधिक पटते.

मराठी माणसाच्या श्रद्धेत कुत्रा आणि वाघ दोघांनाही स्थान आहे. दत्ताच्या पायाशी चार श्वान आहेत. खंडोबाच्या सोबतीला कुत्रा आहे. आणि रानाच्या वेशीवर शेंदूर फासलेला वाघोबाही आहे. एकाला मारून दुसऱ्याला जगविण्याची शिकवण या परंपरेत नाही. ज्याची त्याची जागा राखण्याची मात्र आहे. महाभारताच्या अखेरीस धर्मराज स्वर्गाच्या दाराशी पोचला, तेव्हा सोबत आलेल्या कुत्र्याला बाहेर ठेवून आत जाण्याचे त्याने नाकारले. ती गोष्ट प्रत्येक घरात सांगितली जाते. आजच्या शेतकऱ्याला आपल्या कुत्र्यासाठी स्वर्गाचे दार उघडावयाचे नाही. रात्रीपुरते पडवीचे दार उघडावयाचे आहे. तेवढे केले तर कुत्रा वाचेल, आणि त्याच्या मागावर अंगणात येणारा बिबट्या त्याच अंगणात खेळणाऱ्या मुलापासूनही दूर राहील.