पिपाणीवाल्याची कार्टून कंपनी

ग्वांगचौ

१ सप्टेंबर २००६ पासून चिनी वाहिन्यांवर संध्याकाळी पाच ते आठ या वेळात परदेशी कार्टून दाखवायला बंदी आली. २००८ च्या मे महिन्यात ही वेळ नऊपर्यंत वाढली. मुलं शाळेतून येतात, खातात, गृहपाठ टाळतात, तो हा वेळ. आपली पोरं जपानी कार्टूनं बघत मोठी होताहेत, हे बीजिंगच्या डोळ्यात खुपत होतं. बंदीच्या जोडीला पैसाही आला. कार्टून जितक्या मिनिटांचं, तितकं अनुदान, असा हिशोब अनेक शहरांच्या आणि प्रांतांच्या सरकारांनी लावला. मिनिटाला पैसे मिळू लागल्यावर जे व्हायचं तेच झालं. २०११ साली चीनमध्ये २ लाख ६१ हजार मिनिटांची कार्टूनं तयार झाली. त्यांतली किती बघण्यासारखी होती, हे विचारण्यात अर्थ नाही.

या धोरणाचं सोनं करणाऱ्यांत चित्रपट शिकलेलं कुणी आघाडीवर असेल, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात पुढे निघून गेला एक खेळण्यांचा कारखानदार. त्याची आओफेई कंपनी बाहेरच्या जगात आल्फा ग्रुप म्हणून ओळखली जाते, आणि तिची मुख्य कचेरी इथे ग्वांगचौत आहे. ‘चीनची डिस्ने’ असं बिरुद तिला वर्तमानपत्रांनी कधीच चिकटवून टाकलं. मला ते पटत नाही. डिस्नेकडे उंदीर आधी आला आणि त्याच्या बाहुल्या मागाहून. इथे सगळं उलट्या क्रमाने घडलं.

या कंपनीचं मूळ शांतोउ शहराच्या छंगहाय भागात आहे, ग्वांगदोंग प्रांताच्या पूर्व टोकाला, हान नदीच्या मुखाशी. हा चाओचौ लोकांचा मुलूख. जमीन थोडी, माणसं फार, म्हणून पिढ्यानपिढ्या इथले लोक थायलंड, मलाया, सिंगापूरकडे गेले आणि व्यापारात मुरले. १९८० मध्ये चीनने पहिली चार विशेष आर्थिक क्षेत्रं उघडली, त्यांत शांतोउ होतं. छंगहायने प्लास्टिकची खेळणी धरली ती आजपर्यंत सोडलेली नाहीत. एका गल्लीत साचे करणारा, दुसरीत प्लास्टिक ओतणारा, तिसरीत बाहुलीचे डोळे रंगवणारा, पलीकडे नुसते खोके छापणारा. एकट्याने अख्खं खेळणं कुणी करत नाही आणि कुणाला करावंही लागत नाही. मोठमोठ्या दालनांत हजारो नमुने मांडलेले असतात, परदेशी घाऊक व्यापारी त्यांतून निवड करून कंटेनर भरून नेतात. आपल्या क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास जी रिमोटवरची गाडी घासाघीस करून मिळायची, तिचा माग काढत गेलात तर बहुधा याच गल्ल्यांत पोहोचाल. भारताने २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० वर नेलं, २०२३ मध्ये ७० वर, आणि २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) प्रमाणपत्राची अट घातली. तेव्हापासून हा रस्ता बराच अरुंद झाला आहे.

तो कारखानदार म्हणजे त्साय दोंगछिंग, जन्म १९६९ चा. शाळा लवकर सुटली. १९८०च्या दशकात आठशे युआनच्या भांडवलावर हाताने चालणारं यंत्र घेऊन त्यांनी प्लास्टिकच्या पिपाण्या करायला सुरुवात केली, असं त्यांच्याविषयी कायम सांगितलं जातं. पिपाणी म्हणजे आपल्या जत्रेत मिळते तीच, घरातल्या मोठ्यांचं डोकं उठवणारी. १९९३ मध्ये कंपनी उभी राहिली. पुढे धाकटे भाऊ त्साय श्याओदोंगही कारभारात आले. चाओचौ लोकांत धंदा घराबाहेर जाऊ देत नाहीत, हे मारवाडी आणि गुजराती पेढ्या पाहिलेल्या आपल्या वाचकाला समजावून सांगायला नको.

पिपाणीत नफा पैशांत मोजायचा, कारण शेजारचा कारखानदार तीच पिपाणी उद्या एक पैसा कमी करून विकतो. खेळणं आपलंच हवं, दुसऱ्याचं चालणार नाही, असं मुलाला वाटायला लावल्याशिवाय यातून सुटका नव्हती. त्याची युक्ती चीनमध्ये आधी अमेरिकनांनी करून दाखवली होती. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हॅस्ब्रो कंपनीने ट्रान्सफॉर्मर्सची मालिका चिनी वाहिन्यांना फुकट देऊन टाकली. पोरं रोबोटांसाठी वेडी झाली, मग दुकानांत रोबोट आले, आणि त्यांच्या किमती पाहून पालकांचे डोळे पांढरे झाले. त्साय यांनी हा धडा पाठ केला. तामिया या जपानी कंपनीच्या बॅटरीवर पळणाऱ्या छोट्या शर्यतीच्या गाड्यांसारख्या गाड्या ते स्वस्तात करत होते. नव्वदीच्या दशकात त्याच गाड्यांवरचं जपानी कार्टून चिनी वाहिन्यांवर आणण्यात त्यांनी पैसा घातला, आणि गावोगाव शर्यती भरवल्या. आज तिशी-चाळिशीत असलेल्या कुठल्याही चिनी पुरुषापुढे त्या गाड्यांचा विषय काढून बघा, समोरचा अर्धा तास बोलतो. मोटर कशी बदलायची, चाकं कुठली बसवायची, कुठल्या मित्राने शर्यतीत लबाडी केली होती, सगळं तोंडपाठ.

पुढची पायरी सरळ होती. दुसऱ्याची मालिका कशाला, आपणच काढू. २००६ मध्ये यो-यो खेळणाऱ्या शाळकरी पोरांची मालिका आली. तिच्यात नायकाचं धैर्य, मैत्री, खलनायकाचा पाडाव वगैरे सगळं होतं, पण कॅमेरा यो-योवरून हटत नव्हता. शाळांच्या फाटकाशी असणाऱ्या टपऱ्यांवर यो-यो लटकू लागले. पाठोपाठ मुलींसाठी जादूच्या पऱ्या, मुलांसाठी चिलखत चढवून राक्षसांशी लढणारे वीर. प्रत्येक मालिकेतली कांडी, पट्टा, तलवार छंगहायच्या साच्यातून आधीच बाहेर पडलेली असायची.

चिनी वाहिन्या कार्टून विकत घेताना इतके कमी पैसे देतात की निर्मितीचा खर्च त्यातून कधीच वसूल होत नाही. पुष्कळदा कार्टून फुकट जातं, बदल्यात जाहिरातीची वेळ मिळते. म्हणून केवळ चित्रं काढणारा स्टुडिओ अनुदानावर जगतो आणि अनुदान आटलं की मरतो. खेळणीवाल्याला मात्र मालिका म्हणजे वीस मिनिटांची जाहिरात, तिच्यातला तोटा तो प्लास्टिकमधून भरून काढतो. कलेच्या दृष्टीने हे क्लेशकारक आहे, पण चिनी कार्टूनांचा तो काळ तगून राहिला तो याच हिशोबावर, हे नाकबूल करण्यात अर्थ नाही. १० सप्टेंबर २००९ रोजी कंपनीचे शेअर शेनझेनच्या बाजारात आले आणि तिच्या हाती ९१ कोटी युआन पडले. ही चीनच्या बाजारातली पहिली कार्टून कंपनी म्हणून गाजली. पुढच्याच वर्षी तिने ग्वांगदोंगच्या मुलांच्या वाहिनीचा व्यापारी कारभारही घेतला. कारखाना, कार्टून आणि पडदा, तिन्ही एका छपराखाली.

मग आली मेंढी. ‘आनंदी मेंढी आणि मोठा करडा लांडगा’ ही मालिका २००५ मध्ये ग्वांगचौच्याच एका दुसऱ्या स्टुडिओने सुरू केली. चित्रं अगदी साधी. लांडगा रोज मेंढ्या पकडायला जातो, रोज फसतो, घरी बायको तव्याने बडवते, आणि दर वेळी हवेत भिरकावला जाताना तो परत येण्याची धमकी देतो. पण मोठ्या माणसांनाच हा लांडगा आवडून गेला. बायकोचा मार खाणारा, तरी तिच्यासाठी राबणारा, हार न मानणारा. लग्न करायचं तर करड्या लांडग्याशी करावं, असं शहरी मुली अर्धवट गमतीने म्हणू लागल्या. २००९ च्या चिनी नववर्षात आलेल्या त्यांच्या पहिल्या सिनेमाने आठ कोटी युआनहून अधिक कमावले, तेव्हा थिएटरवाले चकित झाले होते.

२०१३ मध्ये आल्फाने ही मेंढी पन्नास कोटी युआनहून अधिक मोजून विकत घेतली. वर्ष मात्र वाईट निघालं. च्यांगसू प्रांतात मालिकेतल्या प्रसंगाची नक्कल करताना दोन लहान भाऊ गंभीर भाजले होते. डिसेंबरमध्ये न्यायालयाने निर्मात्या स्टुडिओवर पंधरा टक्के जबाबदारी टाकली. सरकारी वाहिनीने मालिकेतल्या मारझोडीवर टीका केली, आणि प्रसंग सौम्य करणं भाग पडलं. इथे कार्टूनने मुलांना वळण लावावं, अशी सरकारचीही अपेक्षा असते आणि आईबापांचीही. तवा म्यान झाला, आणि लांडग्याची निम्मी गंमत त्याच्याबरोबर गेली, असं मला वाटतं.

यानंतरचा काळ बाजाराच्या नशेचा. चीनभर कंपन्या ‘लोकप्रिय पात्रं’ गोळा करत सुटल्या होत्या, शेअर चढत होते, आणि चढलेल्या शेअरांवर आणखी खरेदी होत होती. आल्फाने मोबाइल गेमच्या दोन कंपन्या घेतल्या. २०१५ मध्ये यौयाओछी हे वेब-कॉमिक्सचं संकेतस्थळ ९० कोटी युआनला घेतलं. लिओनार्डो डिकॅप्रिओला ऑस्कर मिळवून देणाऱ्या ‘द रेव्हनंट’मध्येही पैसा घातला. प्लास्टिकचा वास असलेलं ‘कार्टून’ नावातून गेलं, ‘मनोरंजन’ आलं. २०१८ मध्ये मात्र फुगवून घेतलेल्या त्या मालमत्तांची खरी किंमत वह्यांत लिहावी लागली, आणि वर्षाचा तोटा निघाला १६० कोटी युआनहून जास्त. यौयाओछी २०२१ मध्ये बिलीबिली या व्हिडिओ संकेतस्थळाला साठ कोटींना विकलं गेलं. पिपाणीच्या धंद्यात पैसा-पैसा जपणाऱ्या माणसाने हे कसं केलं, असा प्रश्न पडतो. पण त्या काळी खरेदी न करणाऱ्या मालकाला इथले भागधारक झोपाळू समजत.

टिकलं ते साधं सामान. कोरियातल्या स्टुडिओबरोबर काढलेली ‘सुपर विंग्ज’ ही मालिका २०१४ मध्ये कोरियात आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत सुरू झाली. जेट नावाचं लाल विमान प्रत्येक भागात जगातल्या एखाद्या मुलाकडे पार्सल पोहोचवतं, काहीतरी घोटाळा होतो, जेटचे मित्र येऊन निस्तरतात. विमान मुडपलं की त्याचा रोबोट होतो, आणि दुकानातल्याचाही होतो. चीनबाहेर यात खटकण्यासारखं काही नाही, चिनी असं तर काहीच नाही. वर्षाला शंभर अब्जांहून अधिक पार्सलं पोहोचवणाऱ्या आणि जगाला सामान पुरवणाऱ्या देशाने आपला बालनायक म्हणून पार्सलवाला निवडावा, हे मात्र मला कुठल्याही ड्रॅगनपेक्षा जास्त चिनी वाटतं.

अडचण आता गिऱ्हाइकाची आहे. २०१६ मध्ये चीनमध्ये पावणेदोन कोटींहून अधिक मुलं जन्मली. २०२३ मध्ये ९० लाख. खेळण्यांच्या बाजारात या घसरणीतून वाट काढली ती पॉप मार्ट या कंपनीने. आत काय निघेल हे न सांगणारी डबी आणि लाबुबू हे दातांचं भूत तिने पंचविशीतल्या मुलींना विकलं, २०२४ मध्ये १३ अब्ज युआनची विक्री केली, आणि त्यासाठी आधी कार्टून काढण्याच्या भानगडीतही पडली नाही. आल्फाची जुनी पात्रंही आता त्याच वयाच्या गिऱ्हाइकाकडे वळली आहेत. लहानपणी कांडी फिरवणाऱ्या मुली कमावत्या झाल्यात, एवढीच आशा.

मूल जन्मायचंच तर ते अमेरिकेतही जन्मतं, हा विचार कंपनीने २०१६ मध्येच केला होता. तेव्हा तिने कॅलिफोर्नियाची बेबी ट्रेंड ही बाबागाड्यांची कंपनी सुमारे साडेनऊ कोटी डॉलरला घेतली, आणि सोबत दोंगग्वानमधला गाड्या बनवणारा कारखानाही. बाबागाडीला गोष्ट लागत नाही, वाहिनी लागत नाही, संध्याकाळची राखीव वेळ लागत नाही, आणि आज कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा तिच्यातून येतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये ट्रम्प यांनी चिनी मालावरचं शुल्क १४५ टक्क्यांवर नेलं आणि मे महिन्यात जिनिव्हातल्या वाटाघाटींनंतर ते उतरलं. मधल्या आठवड्यांत ग्वांगदोंगच्या कितीतरी कारखान्यांत तयार खोके बंदरावर न जाता गोदामांत रचले जात होते.