दोरी ओढणारा आणि बटण दाबणारा

हैदराबादच्या सुरभी मंडळींच्या पौराणिक नाटकांत नारद आकाशातून उतरतो, दोन योद्ध्यांचे बाण हवेत भिडून ठिणग्या उडतात, खांब दुभंगून नृसिंह बाहेर येतो. त्यासाठी लागणारी सामग्री साधी असते: बारीक तार, कप्पी, दोर, रंगवलेले पडदे, शोभेची थोडी दारू आणि विंगेत उभा असलेला घरचाच माणूस. जागतिक रंगभूमी दिनाच्या आसपास एलईडी वॉल, मुव्हिंग लाइट आणि त्रिमिती प्रतिमांची चर्चा रंगते तेव्हा सुरभीची नोंद ‘जुने’ या खात्यात केली जाते. ती चुकीची आहे. सुरभी हे तंत्रप्रधान नाटकच आहे, फक्त त्याला वीज कमी आणि माणसे जास्त लागतात.

या मंडळीचा आरंभ 1885 साली कडप्पा जिल्ह्यातल्या सुरभी गावात झाला. वनारस घराण्याने तिथे ‘कीचकवध’ उभा केला, म्हणजे खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’च्या बावीस वर्षे आधी. ही कुटुंबे मूळची आरे मराठी, महाराष्ट्राकडून तेलुगू मुलखात उतरलेली, आणि त्यांचा पिढीजात धंदा चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळाचा. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला हा खेळ पाहिलेल्यांना त्याची मांडणी ठाऊक असते: मागे दिवा, मध्ये चित्र, पुढे पांढरे कापड. प्रोजेक्शनचा पायाही हाच. मराठी रंगभूमीवर पुरुष लुगडी नेसून नायिका रंगवत होते त्या काळात सुरभीत घरच्याच बायका स्त्रीभूमिका करू लागल्या. ‘भक्त प्रल्हाद’ हा पहिला तेलुगू बोलपट याच मंडळीच्या नाटकावरून मुंबईत तयार झाला आणि त्यात सुरभी कमलाबाईंनी काम केले. सिनेमाने सुरभीकडून घेतले ते आधी. सिनेमामुळे तिचा प्रेक्षक आटला तो नंतर. एके काळी तीसच्या वर असलेल्या मंडळ्या आता मोजक्याच उरल्या आहेत.

नव्या तंत्राचा नवेपणाही तपासून घ्यावा असा आहे. रंगमंचावरचा ‘होलोग्राम’ म्हणून जे दाखवतात तो बहुतेक वेळा होलोग्राम नसतोच. 24 डिसेंबर 1862 रोजी लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर याने डिकन्सच्या कथेवरच्या प्रयोगात तिरकी काच उभी करून खाली लपवलेल्या नटाचे प्रतिबिंब भूत म्हणून नाचवले. काचेच्या जागी पारदर्शक फिल्म आणि लपलेल्या नटाच्या जागी चित्रफीत ठेवली की आजची त्रिमिती प्रतिमा होते. 2012च्या गुजरात विधानसभा निवडणुकीत नरेंद्र मोदी एकाच वेळी अनेक सभांत ‘अवतरले’ ते याच युक्तीने. दीडशे वर्षे जुन्या भुताचे तिकीट आज नव्या दराने विकले जाते, एवढाच फरक.

एलईडी वॉलची गोष्ट वेगळी आहे. दौऱ्यावरच्या नाटकाला तिचा फायदा खरा आहे: नेपथ्याचा ट्रक हलका होतो, वाडा, जंगल आणि दरबार एकाच चौकटीत बसतात, दोन प्रवेशांमधला अंधार वाचतो. पण वॉल हा पडदा नाही, ती स्वतः उजळणारी भिंत आहे. तिच्यापुढे उभा नट काळा पडतो. त्याचा चेहरा दिसावा म्हणून समोरचे दिवे वाढवले की सगळा रंगमंच भगभगीत होतो. उपाय सोपा आहे, वॉल मंद ठेवायची. पण एवढे भाडे भरून आणलेली वस्तू मंद ठेवायला निर्मात्याचा जीव धजत नाही. ठिपक्यांमधले अंतर जास्त असेल तर पुढच्या रांगांना जंगलाऐवजी ठिपकेच दिसतात, आणि महागडी तिकिटे नेमकी त्याच रांगांची असतात.

खरी अडचण मात्र वेळेची आहे. सुरभीतला दोरी ओढणारा माणूस नटाकडे पाहत असतो. नारदाचे पद लांबले तर दोर थांबतो. टाळ्या पडल्या तर बाण उशिरा सुटतो. मराठी संगीत नाटकाचीही हीच रीत. ऑर्गन आणि तबला गायकाच्या मागून चालत, म्हणून ‘वन्स मोअर’ घेता येत असे. ठरलेल्या लांबीच्या चित्रफितीवर आणि मुद्रित संगीतावर बसवलेल्या प्रयोगात ‘वन्स मोअर’ची जागाच उरत नाही. चित्रफितीतले घोडे पळून गेलेले असतात आणि शिवाजी महाराज अजून वाक्यातच असतात. तंत्र नटासाठी थांबू शकते का, हा प्रश्न ते नवे आहे की जुने यापेक्षा कितीतरी कामाचा आहे.

या कसोटीवर काही नवी तंत्रे जुन्याइतकीच उतरतात. ‘तो मी नव्हेच’ने 1962 साली फिरता रंगमंच वापरला तो डोळे दिपवण्यासाठी नव्हे. कोर्टातल्या साक्षीतून पूर्वीच्या प्रसंगात आणि तिथून परत कोर्टात खंड न पडता जाता यावे, म्हणून तो हवा होता. रॉयल शेक्सपियर कंपनीने 2016 साली ‘द टेम्पेस्ट’मध्ये इंटेल आणि इमॅजिनेरियम स्टुडिओ यांच्या मदतीने नटाच्या अंगावर संवेदक बसवले, तो हात उचलेल त्या क्षणी त्याची एरियलरूपी डिजिटल आकृती हात उचलत असे. एवढा संगणकीय डोलारा उभारला तो चित्राने नटाच्या मागे राहावे यासाठी, म्हणजे सुरभीच्या विंगेतला माणूस पिढ्यान्‌पिढ्या फुकट करत आला त्यासाठीच. सुरभीला ‘जुने’ म्हणणाऱ्यांनी हेही पाहावे: दिग्दर्शक ब. व. कारंतांनी 1990च्या दशकात सुरभीच्या कलावंतांना घेऊन ब्रेख्तचे नाटक बसवले. रंगभूमीच्या जाणकारांनी या मंडळीकडे केवळ कौतुकाची वस्तू म्हणून पाहिले नाही, हे त्यावरून दिसते.

साध्या दौऱ्याच्या नाटकालाही नटासाठी थांबणारे तंत्र परवडण्यासारखे आहे. चित्रफीत सलग न ठेवता तिचे छोटे, पुन्हा पुन्हा फिरणारे तुकडे करायचे आणि नटाचे वाक्य संपल्यावरच ऑपरेटरने पुढचा क्यू सोडायचा. त्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. लागतो तो पहिल्या तालमीपासून बसलेला ऑपरेटर. प्रत्यक्षात तो पुष्कळदा वॉलबरोबर भाड्यानेच येतो, प्रयोगाच्या दुपारी संहिता पहिल्यांदा हातात घेतो आणि पुढच्या गावी त्याच्या जागी दुसरा असतो. सुरभीत दोर धरणारा त्याच नाटकात लहानपणी बाळकृष्ण झालेला असतो, पुढे कधी अर्जुन. नट श्वास कुठे घेतो हे त्याला सांगावे लागत नाही. एलईडी वॉलच्या अंदाजपत्रकात या माणसाच्या तालमीचे पैसे धरलेले नसतात.