पुलाअलीकडे रोजा, पुलापलीकडे घर

संध्याकाळचे सहा वाजून गेले, की विद्यापीठाच्या मुख्य दाराबाहेरच्या थांब्यावर येरवड्याच्या मुलामुलींची घालमेल सुरू होते. यंदा पुण्यात इफ्तारची, म्हणजे रोजा सोडण्याची वेळ पावणेसातच्या आसपास आहे. तेवढ्यात गणेशखिंडीतून घर गाठायचे म्हणजे नशिबाचा भाग. शिवाजीनगरपर्यंत बस, तिथून मेट्रो, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची, मग मंगळवार पेठ, पुणे स्टेशन, रुबी हॉल, बंडगार्डन, आणि नदी ओलांडली की येरवडा. हे स्थानक ऑगस्ट २०२४ मध्ये उघडले आणि प्रवास पुष्कळ सुकर झाला, हे खरेच. पण मेट्रोत खायला मनाई. अजानची वेळ पुलावर गाठली, तर खजूर मुठीत धरून स्थानक यायची वाट पाहायची. म्हणून काही जण मुद्दाम बसनेच जातात. वेळ जास्त लागतो, पण खजूर वेळेवर तोंडात पडते. आणि शेजारच्या सीटवरचा विश्रांतवाडीचा मित्र न सांगता पाण्याची बाटली पुढे करतो. घड्याळावर त्याचेही लक्ष असते.

या धावपळीत हुकते ते सहानंतरचे विद्यापीठ. पाहुण्या वक्त्याचे व्याख्यान, जयकर ग्रंथालयातली शांत बैठक, तास संपल्यावर सरांना गाठून विचारायची शंका, कँटीनमधला वाद. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत यातले काही छापलेले नसते, पण शिक्षण बरेचसे तिथेच होते.

याचा सर्वांत जुना दाखला खुद्द येरवड्यातच आहे. १८६८ पासून डेक्कन कॉलेज येथे उभे आहे. त्या काळी ते गावापासून लांब, नदीपलीकडे, म्हणून वसतिगृहाची सोय. तिथेच राहून शिकताना टिळक आणि आगरकर शिक्षणावर तासन् तास बोलत. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले, त्यामागे त्या गप्पा होत्या. दोघांनाही शेवटची बस गाठायची असती, तर? आज हे अभिमत विद्यापीठ पुरातत्त्व, भाषाशास्त्र आणि संस्कृतसाठी देशभर नावाजलेले आहे. जगभरचे अभ्यासक येरवड्यात येतात. वस्तीतली मुले मात्र वाणिज्य नाहीतर संगणकशास्त्रासाठी रोज सकाळी उलट्या दिशेने निघतात.

या मुलांना विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळत नाही, कारण ती पुण्याची. नियम वरवर रास्त वाटतो. खोल्या थोड्या, मागणी मोठी. लातूर-नंदुरबारहून आलेल्याला आधी छप्पर हवे, यात वाद नाही. पण नियमाला किलोमीटर मोजता येतात, खोली मोजता येत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत आजी, दोन भावंडे, चालू टीव्ही आणि शिलाई मशीन असेल, तर ‘स्थानिक’ या शब्दाला काय अर्थ उरतो?

हा प्रश्न काही फक्त रोजेदारांचा नाही. नागपूर चाळीतला एखादा मुलगा संध्याकाळी विमाननगरच्या दुकानात कामाला उभा असतो. लक्ष्मीनगरातल्या मुलीला आई कामावरून परतण्याआधी स्वयंपाक उरकायचा असतो. रोजेदाराला सहाची घाई वर्षातून एक महिना. यांना बाराही महिने. फरक एवढाच, की रमजानमध्ये ‘सर, इफ्तार आहे, निघतो’ असे मोकळेपणाने सांगता येते आणि बहुतेक शिक्षक हसून जाऊही देतात. ‘सर, दुकानात हजेरी लागते’ हे वाक्य मात्र घशातच अडकते. मग ती गैरहजेरी ‘अभ्यासात रस नाही’ या रकान्यात जाते.

घरी पोहोचल्यावर फळे, भजी, सरबत. मग काही वेळाने तरावीहची नमाज. गल्ली रात्री उशिरापर्यंत जागी असते. वस्तीतल्या अभ्यासिकेत रिकामी खुर्ची मिळाली तर थोडे वाचन होते. नाही मिळाली तर सगळी भिस्त पहाटेवर. साडेपाचच्या सुमाराला सहरी संपते, ताटे उचलली जातात, फजरची नमाज होते आणि घरचे पुन्हा आडवे होतात. खोलीत तेवढ्या वेळात कोणी बोलत नाही, टीव्ही बंद असतो. आठच्या बसपर्यंत दोन तास मिळतात. अंतर्गत परीक्षेची टिपणे तेव्हाच काढली जातात, दिव्यावर ओढणी टाकून, म्हणजे धाकट्याच्या डोळ्यांवर उजेड येत नाही.