फेटिया, कांचळी आणि टुकरी

वाशिम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यातील पोहरादेवीस रामनवमीच्या यात्रेसाठी येणाऱ्या बंजारा वृद्ध स्त्रियांचा वेश पाहिला, म्हणजे घेरदार फेटिया (घागरा), आरशांनी व कवड्यांनी मढविलेली कांचळी (चोळी) आणि मस्तकावरून पाठीवर उतरणारी टुकरी (ओढणी) यांची ही रचना भ्रमंतीच्या जीवनास किती अनुरूप होती, हे ध्यानी येते. कारण तांड्याबरोबर चालणाऱ्या स्त्रीची संपत्ती तिच्या अंगावरच असे. स्थिर जीवनात साडी रूढ झाली आणि मूळ पेहराव तीज, होळी व लग्नकार्यापुरता उरला.

5 ऑक्टोबर 2024 रोजी पोहरादेवीस उघडलेले बंजारा विरासत संग्रहालय हा वारसा जतन करील. परंतु चीनमधील काही तरुण जसे हानफू या पारंपरिक पोशाखाचे थर कमी करून तो नित्य वापरतात, तशी भरतकामाची हलकी ओढणी तांड्यातील मुलींनी दररोज घेतली, तरच ही कला जाणणारे हात टिकतील.