शत्रू नेमका कोण?

नोकरीत असताना कोणी मला विचारलं असतं, "तुमची मतं तुमची स्वतःची आहेत का?" तर मी ताडकन 'हो' म्हणालो असतो. दिल्लीतल्या हिंदूराव भागातल्या टेकडीवर ते 'हो' डळमळलं.

हिंदूराव म्हणजे कागलच्या घाटग्यांपैकी, बायजाबाई शिंदे यांचे भाऊ. टेकडीवर त्यांचा वाडा होता. आज त्यांच्याच नावाचं रुग्णालय तिथे आहे. १८५७ मध्ये हा वाडा इंग्रजांचं मोक्याचं ठाणं होता. तो मुख्यतः सिरमूर पलटणीच्या गुरख्यांनी लढवला. समोरून चालून येणाऱ्यांत कंपनीच्याच बंगाल सेनेतले शिपाई होते. कवायत एक, पगार देणारा एक. मग निष्ठा वेगळ्या कशा?

बंगाल सेनेत अवधकडची भरती मोठी होती. भाऊबंद, गाववाले एकाच पलटणीत असत. काडतुसांना गाय-डुकराची चरबी लावल्याची बातमी आली, तेव्हा प्रत्येकाने शहानिशा करायची कुठे? ज्यांच्या पंक्तीला बसायचं, ज्यांच्या घरी लेक द्यायची, त्यांनी मानलं म्हणजे आपणही मानायचं. गुरख्यांची पंगत वेगळी, गाव वेगळं.

पुढे १८६३ मध्ये इंग्रजांनी इथे स्मारक उभारलं. त्यावर उठाव करणारे 'शत्रू' ठरले. १९७२ मध्ये, स्वातंत्र्याला २५ वर्षं झाल्यावर, सरकारने त्याला 'अजितगढ' नाव दिलं आणि नवा फलक लावला: ज्यांना इथे शत्रू म्हटलंय, ते परकीय सत्तेविरुद्ध लढलेले वीर होते. जुना मजकूर मात्र तसाच ठेवला.

मी पहिल्यांदा तिथे गेलो, पलटणींची नावं वाचली आणि हात आपसूक सलामीला उठला. सोबतच्या नातवाने विचारलं, "आजोबा, सलाम आपल्यांना की शत्रूला?" मला उत्तर सुचलं नाही. तो सलाम माझा नव्हताच. पलटणीने लावलेली ती सवय होती.

संस्था वाईट असतात, असं मी म्हणत नाही. शेजारच्या जवानावर डोळे मिटून विश्वास ठेवल्याशिवाय लढता येत नाही, आणि तो विश्वास पलटणच देते. पण घर, जात, शाळा, पलटण यांनी दिलेलं मत आपलंच वाटू लागतं, तेव्हा एकदा थांबावं आणि विचारावं: हे मला कोणी शिकवलं? मी दुसरीकडे जन्मलो असतो, तर काय मानलं असतं?

टेकडीवर गेलात, तर दोन्ही फलक वाचा. जय हिंद.