खेळाडूची विकत घेतलेली साक्ष

संगणकीय खेळांत रमणारी मुले जाहिरातीपेक्षा जाणत्या खेळाडूचा शब्द मानतात. हाच शब्द विकला जातो. 'काउंटर-स्ट्राइक' खेळातील शस्त्रांच्या रंगीत आवरणांना पैसे मिळतात. ती पणाला लावण्याचा 'सीएसजीओ लोटो' हा जुगार अमेरिकेत निघाला. ट्रेव्हर मार्टिन व थॉमस कॅसेल हे लोकप्रिय खेळाडू तेथे जिंकतानाच्या चित्रफिती दाखवीत. मालक आपणच, हे मात्र सांगत नसत. इतरांनाही स्तुतीसाठी २,५०० ते ५५,००० डॉलर दिले गेले, वर निंदा न करण्याची अट. आठव्या आज्ञेतील खोटी साक्ष ती हीच, असे आम्हांस वाटते. २०१७ साली अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने त्यांच्याशी समझोता केला. दंड झाला नाही. यापुढे हितसंबंध उघड करण्याचे बंधन तेवढे आले.